दीर्घसूत्रता आणि पश्चात्ताप

मनुष्याच्या हातून घडणाऱ्या पापांची गणना धर्मशास्त्राने मोठ्या बारकाईने केली आहे. चोरी, असत्य, हिंसा, परनिंदा ही पापे सर्वांच्या ओळखीची आहेत आणि सज्जन मनुष्य त्यांपासून जपून राहतो. परंतु एक अपराध असा आहे की तो करीत असता आपण काही अपराध करीत आहो असे करणाऱ्याच्या मनातही येत नाही. तो अपराध म्हणजे करावयाचे काम पुढे ढकलणे. त्यात काम नाकारले असे होत नाही. उलट ते करण्याचा संकल्प मनात ताजा असतो आणि त्या संकल्पाचेच मनुष्याला समाधान वाटत राहते.

वृद्ध आईला काशीला न्यावयाचे आहे. भावाशी पडलेले अंतर मिटवावयाचे आहे. ज्यांनी हाताला धरून अक्षरे गिरवून घेतली त्या गुरुजींना एकदा भेटून यावयाचे आहे. गीतेच्या नित्यपाठास आरंभ करावयाचा आहे. या साऱ्या गोष्टी चांगल्या गृहस्थाच्या मनात असतात. मात्र मुलीचे लग्न उरकू दे, घराचे कर्ज फिटू दे, नोकरीतून मोकळा होऊ दे, मग पाहू, असे तो म्हणतो. लग्न होते, कर्ज फिटते, निवृत्तीही होते. परंतु तोपर्यंत आईचे गुडघे धरलेले असतात, भाऊ परगावी वारल्याचे पत्र येते आणि गुरुजींच्या घराला दुसऱ्याचेच कुलूप दिसते. मग ‘राहून गेले’ एवढाच शब्द उरतो. मोठमोठी पापे करणाऱ्यांना जी टोचणी क्वचित लागते, ती या सरळमार्गी मनुष्याला जन्मभर लागते.

या पश्चात्तापाचे स्वरूप काय? तो नेमका कशाबद्दल असतो? आणि ज्याला खरोखरच उशीर झाला आहे, त्याने पुढे काय करावे? या तीन प्रश्नांचा विचार प्रत्येक गृहस्थाला आज ना उद्या करावा लागतो. तो करण्यास तंजावरचा इतिहास फार उपयोगी पडतो. कारण वेळेवर केलेले आणि वेळेवर न झालेले काम यांची फळे तेथे एकाच घराण्यात, एकाच राजवाड्यात शेजारी शेजारी पाहावयास मिळतात.

कावेरीच्या खोऱ्यातील हे नगर महाराष्ट्रापासून दूर असले तरी मराठी मनाला परके नाही. चोळ सम्राट राजराजाने इ. स. १०१० मध्ये पूर्ण केलेले बृहदीश्वराचे देवालय ही त्याची जगप्रसिद्ध खूण. शहाजीराजांचे पुत्र आणि शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथे भोसल्यांची गादी स्थापिली. ती १८५५ पर्यंत चालली. आजही तेथील जुन्या कुटुंबांतून तंजावरी मराठी ऐकू येते.

या घराण्यातील तुळजाराजे १७६३ साली गादीवर आले. त्यांच्या कारकीर्दीत १७७३ साली राज्य अर्काटच्या नबाबाच्या हाती गेले आणि १७७६ साली परत मिळाले. घरातही दैवाने घाला घातला. जिवलगांचे मृत्यू त्यांना पाहावे लागले व वंशाला पुत्र उरला नाही. तेव्हा १७८७ च्या आरंभी, मरण अगदी समीप आले असता, त्यांनी भोसले कुळातीलच एका शाखेतील सुमारे नऊ वर्षांच्या मुलाला दत्तक घेतले, त्याचे नाव सरफोजी ठेवले, आणि श्वार्ट्झ नावाच्या वृद्ध जर्मन पाद्र्याला त्याचा सांभाळ करण्याची विनंती केली. त्यानंतर थोड्याच दिवसांत राजे निवर्तले.

तुळजाराजांचे सावत्र बंधू अमरसिंह यांनी या दत्तविधानाला लगेच हरकत घेतली. मुलगा आपल्या जन्मदात्याचा एकुलता एक आहे, त्याचे वय अधिक आहे, आणि राजाचे चित्त रोगाने व्याकुळ असता हा विधी झाला, असे आक्षेप निघाले. पंडितांची मते मागविण्यात आली आणि ती प्रतिकूल पडली. कंपनी सरकारने अमरसिंहांना गादीवर बसविले. पुढे अकरा वर्षे त्या बालकाचा हक्क वादात राहिला. राजवाड्यात त्याचे व राजस्त्रियांचे हाल होतात अशा तक्रारी झाल्यावर त्यांना मद्रासला हलवावे लागले. पुन्हा पंडितांची मते घेण्यात आली, ती या वेळी दत्तकाला अनुकूल मिळाली, आणि १७९८ च्या जूनमध्ये सरफोजीराजे सिंहासनावर बसले. ज्या श्वार्ट्झने त्यांच्यासाठी इतका खटाटोप केला, तो त्याच वर्षी फेब्रुवारीत मरण पावला होता. शिष्याचा राज्याभिषेक पाहणे त्याच्या नशिबी नव्हते. शिवाय घरातील निवाडा करण्याच्या निमित्ताने कंपनीचा हात राज्यकारभारात खोल शिरला तो शिरलाच. १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार कंपनीकडे गेला आणि राजांकडे तंजावरचा किल्ला, मानमरातब व ठरीव उत्पन्न तेवढे राहिले.

शोकाने खचलेल्या पित्याला दोष देण्याचा अधिकार कोणालाही नाही. आपल्याला पुत्र उरला नाही हे मनाशी मान्य करण्यास किती बळ लागते, हे ज्याच्यावर प्रसंग ओढवला तोच जाणे. परंतु यातील मर्म प्रत्येक गृहस्थाने ध्यानात घेण्याजोगे आहे. मनुष्य काम पुढे ढकलतो ते नेहमी आळसानेच ढकलतो असे नाही. पुष्कळदा त्या कामाच्या मागे एखादे अप्रिय सत्य उभे असते आणि त्याच्याकडे पाहावयाचे नसते म्हणून काम राहते. मृत्युपत्र लिहावयाचे तर मृत्यूचा विचार करावा लागतो. भावाची क्षमा मागावयाची तर चूक आपली होती हे कबूल करावे लागते. आईला यात्रेला न्यावयाचे तर ती आता फार दिवसांची सोबतीण नाही हे मनात आणावे लागते. दिरंगाईच्या मुळाशी अशी भीती दडलेली असते, आणि त्या भीतीची किंमत मागाहून दुसऱ्याच कोणाला, बहुधा एखाद्या निरपराध लहानग्याला, मोजावी लागते.

गीतेच्या अठराव्या अध्यायात सात्त्विक, राजस आणि तामस अशा तीन कर्त्यांची लक्षणे भगवंतांनी सांगितली आहेत. तामस कर्त्याच्या लक्षणांत शठपणा आणि आळस यांच्याच ओळीत दीर्घसूत्रीपणाही बसविला आहे. आजचे काम लांबवीत नेणारा मनुष्य ठकाच्या पंक्तीला का बसविला, असे कोणासही वाटेल. परंतु थोडा विचार केला म्हणजे त्यातील योग्यता पटते. ठक दुसऱ्याला फसवितो. दीर्घसूत्री स्वतःला फसवितो. ‘करणार आहे’ या भावनेला तो ‘केले’ याचे मोल देतो, आणि खोट्या नाण्याने आपल्याच विवेकाचे तोंड बंद करतो.

महाभारताच्या शांतिपर्वात भीष्मांनी तीन मत्स्यांची कथा सांगितली आहे. एका तळ्याचे पाणी कोळी बाहेर काढू लागले. अनागतविधाता हा संकट येण्यापूर्वीच दुसऱ्या जलाशयात निघून गेला. प्रत्युत्पन्नमति प्रसंग पडताच युक्तीने सुटला. दीर्घसूत्र मात्र ‘एवढी घाई कशाला’ असे म्हणत राहिला आणि जाळ्यात सापडून मेला. या कथेत तिसऱ्या माशाचा दुसरा काहीच दोष सांगितलेला नाही.

परंतु त्याच शांतिपर्वात, त्याच भीष्मांच्या मुखी, अगदी उलट वाटणारी दुसरी कथाही आहे. गौतम ऋषींनी रागाच्या भरात आपल्या पुत्राला त्याच्या मातेचा वध करण्याची आज्ञा केली आणि ते अरण्यात निघून गेले. पुत्राचे नाव चिरकारी. प्रत्येक गोष्टीचा दीर्घकाळ विचार करणे हा त्याचा स्वभाव. पित्याची आज्ञा मोठी की मातेचा प्राण मोठा, याचा तो विचार करीत बसला. इकडे ऋषींचा क्रोध ओसरला आणि ते पश्चात्तापाने तळमळत, पुत्राने आज तरी आपल्या नावाप्रमाणे वागावे अशी इच्छा करीत धावत परत आले. माता जिवंत होती. पुत्राच्या विलंबाने पित्याला महापातकातून वाचविले.

या दोन कथा एकमेकींजवळ ठेवल्या की विलंबाचा न्याय स्पष्ट होतो. क्रोधाचे पत्र, कठोर शब्द, कोर्टाची पायरी, नात्याचा त्याग या गोष्टी जितक्या लांबणीवर पडतील तितके बरे. दान, क्षमा, सेवा, ऋणफेड आणि भगवत्स्मरण यांना मात्र क्षणाचाही विलंब नको. संसारात बहुधा याच्या उलट चालते. राग आला की त्याच घटकेला बोलून टाकले जाते आणि प्रेमाचा शब्द सणावारासाठी राखून ठेवला जातो. दिरंगाई करण्याची शक्ती मनुष्याला मिळाली आहे ती अशुभाला आवरण्यासाठी. तो ती शुभावर खर्च करतो.

योग्य काळाची वाट पाहणे आणि काम ढकलणे यांतही भेद आहे. कावेरीच्या खोऱ्यातील शेतकरी कालव्याला पाणी येण्याची वाट पाहतो, परंतु बांध नीट करून, रोपांची तजवीज करून वाट पाहतो. पाणी आले की त्याला फक्त लावणी करावयाची असते. महाराष्ट्रातील शेतकरी मृगापूर्वी नांगरट करून ठेवतो ती याचसाठी. ज्याची तयारी चालू आहे तो प्रतीक्षा करीत आहे. ज्याची कोणतीही तयारी चालू नाही आणि जो योग्य काळ यावा असे म्हणत आहे, त्याने आपण दीर्घसूत्री झालो आहो हे ओळखावे.

आता तंजावरच्या इतिहासाचा पुढचा भाग पाहावा. सरफोजीराजांनंतर १८३२ साली त्यांचे पुत्र शिवाजीराजे गादीवर आले. त्यांनी अनेक विवाह केले, परंतु पुत्र झाला नाही; दोन कन्या होत्या. २९ ऑक्टोबर १८५५ रोजी ते निवर्तले तेव्हा ज्याच्या हक्काबद्दल वाद नाही असा पुरुष वारस पाठीमागे नव्हता. कंपनीने गादी संपली असे ठरविले, आणि पुढच्या वर्षी राजवाड्यातील खासगी मालमत्तेवरही जप्ती आणली. ज्येष्ठ राणी कामाक्षीबाईसाहेब यांनी धैर्याने न्यायालयात दाद मागितली. मद्रासच्या सुप्रीम कोर्टात त्यांच्या बाजूने निर्णय झाला. परंतु १८५९ साली विलायतेतील प्रिव्ही कौन्सिलने, ही जप्ती राज्यसत्तेचे कृत्य असल्यामुळे न्यायालयाला तिच्यात हात घालता येत नाही, असा निवाडा दिला. पुढे १८६२ मध्ये सरकारने खासगी मालमत्ता राजस्त्रियांना परत केली. सिंहासन मात्र गेले ते गेलेच.

येथे कोणी म्हणेल की शिवाजीराजांनी हयातीतच वारस नेमून ठेवला असता तर राज्य राहिले असते. हे खात्रीने सांगता येत नाही. साताऱ्याच्या छत्रपतींनी १८४८ साली मरतेसमयी दत्तक घेतला. कंपनीने तो मानला नाही. झाशीच्या गंगाधररावांनी १८५३ च्या नोव्हेंबरमध्ये मृत्यूच्या आदल्या दिवशी दत्तविधान केले; तेही मानले गेले नाही. ज्याला राज्य गिळावयाचे होते त्याला निमित्त सापडलेच असते. अन्यायाचा दोष अन्याय करणाऱ्याकडेच राहतो.

पश्चात्तापाच्या प्रश्नाचा गाभा याच ठिकाणी आहे. ‘मी वेळेवर केले असते तर असे झाले असते’ ही जी हळहळ मनुष्य करतो, ती खरे पाहता फळाची हळहळ असते. वैद्याला दोन दिवस आधी बोलाविले असते तर आई वाचली असती, असे मुलगा म्हणतो. कदाचित वाचली असती, कदाचित नसतीही. फळ कधीच मनुष्याच्या हातचे नव्हते. तेव्हा गेलेल्या फळाबद्दल स्वतःला दूषण देत बसणे म्हणजे जे आपले नव्हते त्यावर हक्क सांगणे होय. परंतु वैद्याला बोलाविणे हे त्याच्या हातचे होते. पश्चात्ताप योग्य असेल तर तो एवढ्यापुरताच योग्य आहे: जे माझ्या अधिकारातील कर्म होते ते मी केले नाही. कर्मावर अधिकार आहे आणि फळावर नाही, हे भगवंतांचे वचन मनुष्य बहुधा धीर देण्यासाठी आठवतो. ते तितकेच जबाबदारीचेही वचन आहे. फळ लाभले नाही तरी वेळेवर केलेल्या कर्माची टोचणी राहत नाही. आणि फळ दैवयोगाने लाभले तरी टाळलेल्या कर्तव्याची टोचणी राहतेच.

हा भेद ज्याच्या आचरणात दिसतो असा पुरुष याच घराण्यात होऊन गेला, आणि तो म्हणजे ज्याचे बालपण दुसऱ्यांच्या विलंबाने काळवंडले होते ते सरफोजीराजेच. १७९९ साली राज्यकारभार हातचा गेला तेव्हा त्यांचे वय अवघे बावीस वर्षांचे होते. राज्य परत मिळेल तेव्हा काही करू, असे म्हणून दुःखात किंवा विलासात दिवस काढले असते तर त्यांना कोणी नावे ठेवली नसती. परंतु जे गेले त्याचा शोक न करता जे हाती उरले होते त्याचा त्यांनी लगेच उपयोग केला. १८०३ साली भोसले कुळाचा विस्तृत इतिहास बृहदीश्वराच्या आवारातील भिंतीवर मराठीत कोरविला. राजवाड्यात देवनागरी खिळ्यांचा छापखाना उभारला. इसापाच्या नीतिकथांचे मराठी रूप ‘बाळबोध मुक्तावली’ हे तेथे १८०६ साली छापले गेले. धन्वंतरी महालात औषधींचे प्रयोग चालत; नेत्ररोग्यांच्या सचित्र नोंदी त्यांच्या काळी करून ठेवल्या गेल्या, त्या आजही पाहावयास मिळतात. नायक राजांच्या काळापासून चालत आलेल्या सरस्वती महाल ग्रंथालयात त्यांनी संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी अशा भाषांतील ग्रंथांची प्रचंड भर घातली.

श्वार्ट्झच्या उपकारांचीही फेड त्यांनी लांबविली नाही. स्वतः आपल्या धर्मात अढळ राहून त्यांनी त्या परधर्मी गुरूच्या शेवटच्या दुखण्यात त्याची भेट घेतली, आणि विलायतेतील फ्लॅक्समन नावाच्या नामांकित शिल्पकाराकडून त्याचे संगमरवरी स्मारक करवून तंजावरात बसविले. त्या शिल्पात मरणोन्मुख गुरूच्या शय्येपाशी उभे असलेले राजे कोरलेले आहेत.

काशीयात्रेचीही गोष्ट तशीच. सरफोजीराजांनी १८२० च्या सुमारास सुमारे तीन हजार माणसांच्या लवाजम्यासह काशीची यात्रा केली. रेल्वे नव्हती, तंजावर ते काशी आणि परत, हा वर्षावर्षांचा प्रवास होता. तेव्हा त्यांचे वय त्रेचाळीस होते. यात्रा म्हातारपणी करावयाची, ही समजूत तेव्हाही होती आणि आजही आहे. परंतु सरफोजीराजे १८३२ च्या मार्चमध्ये, वयाच्या चौपन्नाव्या वर्षी, निवर्तले. साठी उलटल्यावर काशीला जाईन असा बेत त्यांनी केला असता तर विश्वनाथाचे दर्शन त्यांना घडलेच नसते.

त्यांच्यानंतर तेवीस वर्षांत गादी संपली. परंतु ग्रंथालय राहिले. जप्तीच्या गोंधळातूनही ते वाचले. १८८० मध्ये बर्नेल या विद्वानाने त्यातील संस्कृत हस्तलिखितांची सूची प्रसिद्ध केली. १९१८ साली ते सर्वसाधारण वाचकांसाठी खुले झाले. आणि ४०,००० हून अधिक हस्तलिखितांचे ते भांडार आज देशोदेशीच्या अभ्यासकांना उपयोगी पडत आहे. राज्य टिकविणे त्या राजाच्या हाती नव्हते. पोथ्या जमविणे हाती होते, आणि ते त्याने वेळेवर केले.

आता एक शंका उरते, आणि तिचेही उत्तर तंजावरच्या इतिहासातच आहे. १६७७ साली दक्षिणेच्या मोहिमेत शिवछत्रपती आणि व्यंकोजीराजे यांची भेट झाली. पुढे वडिलार्जित दौलतीच्या वाटणीवरून बिघाड झाला, लढाई झाली, मग समेटही झाला. परंतु व्यंकोजीराजांच्या मनाने असा काही खचलेपणा घेतला की त्यांनी कारभारातून लक्ष काढले, शरीराची हेळसांड चालविली आणि वैराग्याच्या गोष्टी आरंभिल्या. हे वृत्त ऐकून महाराजांनी धाकट्या भावाला पत्र लिहिले. वडील शहाजीराजांनी कसकसे प्रसंग सोसले याची आठवण दिली, पाठीशी वडील भाऊ असताना चिंता कसली असा धीर दिला, सेवकजनांना रिकामे बसवू नये असे बजाविले, आणि सध्याचे दिवस पराक्रमाचे आहेत, वैराग्य उतारवयात करावे, असा प्रेमाचा उपदेश केला.

मग, वैराग्य उतारवयात करावे असे प्रत्यक्ष शिवछत्रपतींनीच सांगितले असता, भगवद्भजन निवृत्तीनंतर करू असे म्हणणाऱ्या गृहस्थाचे काय चुकले? चूक अशी की, महाराजांनी ज्या वैराग्याला पुढे ढकलावयास सांगितले ते भजन नव्हतेच. ते खिन्नतेने घेतलेले सोंग होते. व्यंकोजीराजे वैराग्याच्या नावाखाली आजचे कर्तव्य टाळीत होते. कुरुक्षेत्रावर अर्जुनही तेच करीत होता. भिक्षा मागून राहणे बरे, असे त्याला वाटले ते शोकाने वाटले, विवेकाने नव्हे. संसारी मनुष्य भजनाचे काम संसाराच्या सबबीवर ढकलतो आणि खचलेला मनुष्य संसाराचे काम भजनाच्या सबबीवर ढकलतो. ढकलणे दोन्हीकडे सारखेच आहे. आठव्या अध्यायात भगवंतांनी अर्जुनाला सर्व काळी आपले स्मरण ठेवून युद्ध करण्यास सांगितले. आधी युद्ध आणि मग स्मरण अशी वाटणी त्यांनी केली नाही. अंतकाळी जो भाव मनात असेल तशी गती, असे सांगून लगेच ‘म्हणून सर्व काळी’ असे ते म्हणाले. कारण अंतकाळ कोणता हे कोणाला आधी कळत नाही.

स्वतः शिवछत्रपती १६८० च्या एप्रिलमध्ये, अवघ्या पन्नास वर्षांचे असता, कैलासवासी झाले. ज्या उतारवयाचा उल्लेख त्यांनी भावाला लिहिताना केला ते त्यांच्या वाट्याला आलेच नाही. परंतु त्यांनी ईश्वरसेवा कधी वेगळी काढून ठेवली नव्हती. म्हणून ते उतारवय न आल्याने त्यांचे काही राहून गेले असे कोणी म्हणणार नाही.

राहता राहिला शेवटचा प्रश्न. ज्याला उशीर होऊनच गेला आहे, त्याचे काय? आई गेली, यात्रा राहिली. भाऊ गेला, क्षमा मागावयाची राहिली. अशा मनुष्याला ‘आधी करावयास हवे होते’ असे सांगणे म्हणजे जखमेवर मीठ चोळणे होय.

त्याने प्रथम हे पाहावे की पश्चात्ताप हीच दिरंगाईची दुसरी पायरी होऊ पाहते. पूर्वी ‘पुढे करीन’ म्हणून आजचा दिवस गेला. आता ‘मागे केले नाही’ म्हणून आजचा दिवस जातो. दोन्ही वेळी हाती असलेला दिवस रिकामाच जातो. गीतेचा उपदेश आरंभितानाच, ज्यांचा शोक करू नये त्यांचा तू शोक करीत आहेस, असे भगवंत म्हणाले, आणि मग अर्जुनाला उठून उभे राहण्यास लावले. पश्चात्तापाने डोळ्यांत पाणी आले तर ते पुसावे, आणि त्याच हाताने काम घ्यावे.

काय काम घ्यावे? जे गेलेल्याचे राहिले ते असलेल्याचे करावे. स्वतःच्या आईला काशी घडली नाही तर शेजारच्या निराधार वृद्धेला जवळच्या तीर्थी न्यावे. भावाची क्षमा मागणे राहिले तर त्याच्या मुलांना जवळ करावे. गुरुजींना भेटणे राहिले तर एखाद्या गरीब विद्यार्थ्याच्या पुस्तकांचा भार उचलावा. श्राद्धविधीत पितरांच्या नावाने जिवंत मनुष्याला अन्न दिले जाते, त्यातील भाव हाच आहे.

आणि आयुष्य थोडे उरले म्हणून कोणी खचू नये. राजा परीक्षिताला सात दिवस मिळाले, आणि राजर्षी खट्वांगाला एक मुहूर्त उरला होता असे भागवत सांगते. तेवढ्यात दोघांनी जन्माचे सार्थक केले. कल्याणाचे काम करणाऱ्याची दुर्गती होत नाही, अशी ग्वाही सहाव्या अध्यायात भगवंतांनी दिली आहे, आणि नवव्या अध्यायात तर अत्यंत दुराचारी मनुष्यानेही अनन्यभावाने भक्ती आरंभिली तर तो साधूच मानावा, असे सांगितले आहे. तेथे किती उशिरा आरंभिली हे विचारलेले नाही.

कुरुक्षेत्राचे युद्ध संपल्यावर श्रीकृष्णांनी युधिष्ठिराला, भीष्मांचे प्राण आहेत तोवर त्यांच्याकडे जाऊन धर्म विचारून घे, कारण त्यांच्याबरोबर कितीतरी ज्ञान मावळणार आहे, असे सांगितले. युधिष्ठिराला तेव्हा राज्याची घडी बसवावयाची होती, आणि आप्तवधाच्या पश्चात्तापाने तो जळतही होता. तरी तो गेला, शरशय्येपाशी बसला, आणि विचारीत राहिला. त्यामुळे शांतिपर्व जगाला लाभले. प्रत्येक घरात असे कोणी वृद्ध माणूस असते. त्याच्यापाशी घराण्याच्या गोष्टी, औषधाची माहिती, कुलाचार, जुन्या मोडी कागदांचा अर्थ असतो. त्याच्यापाशी बसण्यास वेळ नाही, असे घरातील कर्ता पुरुष म्हणत असतो.

गृहस्थाने रात्री निजण्यापूर्वी एवढेच मनाशी विचारावे: आज कोणते शुभ काम हातचे असून मी उद्यावर टाकले? एकच आठवावे, आणि सकाळी उठल्यावर दुसऱ्या कामाला लागण्यापूर्वी त्याचा आरंभ करावा. पत्र असेल तर लिहावयास बसावे. भेट असेल तर निघावे. पाठ असेल तर एका श्लोकाने आरंभ करावा. काम पुरे होणे परमेश्वराकडे आहे, आरंभ करणे गृहस्थाकडे आहे. तो आरंभ करण्याची बुद्धी भगवंतांनी सर्वांना द्यावी.